पिवळा रकाना

आजींच्या हातात लाल तेलखडू होता आणि तो कागदाला टेकत नव्हता. 2011 च्या पावसाळ्यानंतरचे दिवस. शाळेच्या व्हरांड्यात पंधरा-वीस बायका, चार-दोन पुरुष आणि मधोमध फरशीवर पसरलेला मोठा कागद. भिंतींची ओल अजून गेली नव्हती, पाठ टेकली की ब्लाउज गार पडायचा. कागदावर गावाचं आरोग्याचं प्रगतिपुस्तक होतं. एकेका ओळीत एकेक सेवा आणि तिच्यासमोर रिकामा रकाना. सेवा चांगली असेल तर हिरवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. लसीकरण हिरवं झालं, गरोदर बायकांची तपासणी हिरवी झाली. पुढची ओळ औषधांची होती. उपकेंद्रात तीन महिने तापाच्या गोळ्या नव्हत्या, रक्तवाढीच्या नव्हत्या, जखमेवर लावायचं मलमसुद्धा नव्हतं. यावर कुणाचंच दुमत नव्हतं. सगळ्यांत जास्त आजीच बोलल्या होत्या, म्हणून मी खडू त्यांच्या हातात दिला. त्या खाली वाकल्या, रकान्याच्या वर हात नेला आणि तसाच धरून ठेवला.

"लाल केलं तर सिस्टरला बोल लागंल का गं?"

मी प्रशिक्षणात शिकलेलं सांगितलं. हे सिस्टरबद्दल नाही आजी, हे सेवेबद्दल आहे. त्यांनी कागदाच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तिथे काय लिहिलंय ते मी सुरुवातीलाच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं: उपकेंद्राचं नाव, एएनएमचं, म्हणजे तिथल्या सिस्टरचं, नाव. "मंग तिचं नाव कशापायी लिवलंय वर? औषिद काय तिच्या घरात पिकतंय? माझ्या नातसुनेपाशी ती राती दोन वाजल्यापास्नं बसली व्हती, पार उजाडस्तवर." व्हरांडा गप्प झाला. मग कुणीतरी म्हणालं, पिवळा करा. आजींनी लाल खडू खाली ठेवला, पिवळा उचलला आणि रकाना असा गच्च भरला की कडेच्या रेघा दिसेनात.

तो पिवळा रंग मला अजून सलतो.

सलायचं कारण असं की मी नर्सबाईची मुलगी. आई जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रात होती आणि माझं सगळं बालपण त्या दोन खोल्यांत गेलं. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत आम्ही. मधल्या दाराला पडदा होता, त्याला कायम स्पिरिटचा वास. स्टोव्हवर सकाळी आधी काचेच्या सिरिंजा उकळायच्या आणि मग आमचा चहा. सुया उकळताना भांड्यात जो बारीक टणटण आवाज होतो तो मला आजही झोपेतून जागं करील. आईकडे एक भलंमोठं दप्तर होतं. माझ्याकडेही दप्तर होतं, म्हणून मला वाटायचं तीही कुठल्यातरी शाळेत जाते आणि तिलाही परीक्षा असते. पुढे कळलं की होतीच. 'दप्तर तपासणी' हा शब्द घरात आला की आईचं जेवण कमी व्हायचं. आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी वह्यांतले आकडे वाचायचे आणि ती बेरजा मांडायची. पात्र जोडप्यांची नोंदवही, गरोदर मातांची, लसीकरणाची, जन्ममृत्यूची, साठ्याची. सकाळी जीपचा आवाज आला की ती पदराला हात पुसत बाहेर जायची, आणि तिचा आवाज बदलायचा. गावातल्या बायकांना दटावणारी माझी आई त्या अर्ध्या तासापुरती फार बारीक आवाजात बोलायची.

एका तपासणीत साहेबांनी हिरव्या शाईनं शेरा लिहिला. एका वाडीतली पाच-सहा मुलं लसीकरणातून राहिली होती, खुलासा सादर करावा. 1986-87 चा सुमार असेल. बाळांना सहा आजारांच्या लसी देण्याचा देशव्यापी कार्यक्रम 1985 मध्ये सुरू झाला होता आणि सगळीकडे त्याचीच घाई होती. त्या वाडीच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून लस आलीच नव्हती, कारण गाडी आली नव्हती, कारण गाडीत डिझेल नव्हतं. हे आईला माहीत होतं, आणि माझी खात्री आहे, साहेबांनाही माहीत होतं. खुलाशात तिनं डिझेलचा उल्लेख केला नाही. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून पक्की प्रत तिनं माझ्याकडून लिहून घेतली. 'सदर कामी माझ्याकडून झालेल्या कसुरीबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे असे होणार नाही.' मी अकरा वर्षांची होते. 'कसूर' म्हणजे काय ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, चूक. मग मी विचारलं, तू काय चूक केलीस? तिनं माझ्या हातातला कागद घेतला, फुंकर मारून शाई वाळवली आणि म्हणाली, रेघ सरळ आली बघ तुझी.

आज वाटतं, मी अख्ख्या आरोग्य खात्याबद्दल पुढे जे काही वाचलं, ऐकलं, बैठकांमध्ये बसून समजून घेतलं, ते सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी. चूक कोणाची, आणि ती विचारायला कुठल्या दाराशी जायचं?

दारं पुष्कळ आहेत. राज्यघटनेनं सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यांच्या यादीत टाकला. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं त्यांच्याकडे गेली. ग्रामीण रुग्णालय आणि त्याच्या वरची रुग्णालयं मात्र थेट राज्याच्या खात्याकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. 12 एप्रिल 2005 ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि दिल्लीचा पैसा राज्याच्या, जिल्ह्याच्या आरोग्य सोसायट्यांमधून खाली येऊ लागला. त्याचे नियम वेगळे, खाती वेगळी, त्यावर नेमलेली कंत्राटी माणसंही वेगळी. अडलेली बाई प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात पाठवतात तेव्हा रस्ता एकच असतो, पोटातली कळ एकच असते, पण वाटेत कुठेतरी तिचं सरकार बदलतं. जिल्हा परिषदेच्या डॉक्टरनं लिहिलेली चिठ्ठी घेऊन ती राज्य सरकारच्या डॉक्टरपुढे उभी राहते. तिचं बाळ दगावलं तर दोन्हीकडच्या चौकशा होतात, दोन्हीकडचे अहवाल जातात. ते अहवाल एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

स्वातंत्र्याच्या आधी, 1946 मध्ये, भोर समितीनं आपला अहवाल दिला. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही पुरेशा उपचारांवाचून राहू नये, हे त्याचं मूळ सूत्र. सुरुवातीला चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ही मांडणी तिथूनच आली. आता मापदंड तीस हजारांमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजारांमागे एक. उपकेंद्र पाच हजारांमागे, डोंगरी भागात तीन हजारांमागे. आईच्या उपकेंद्राखाली सात वाड्या होत्या आणि मधे ओढा. पावसाळ्यात ओढा आला की मापदंड त्याच्या अलीकडेच राहायचा.

आईवर लक्ष ठेवायला किती माणसं होती ते मी एकदा बोटांवर मोजलं होतं. आरोग्य सहाय्यिका, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, तालुक्याचे आरोग्य अधिकारी, जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, शिवाय पंचायत समितीचे सभापती आणि जाता-येता डोकावणारे सदस्य. एका हाताची बोटं संपली. आणि आईनं वरच्यांना काही विचारायचं तर तिच्याकडे एकच कागद होता, मागणीपत्रक. इतक्या गोळ्या, इतका कापूस, इतकं स्पिरिट पाठवावं. त्या कागदाला उत्तर आलंच पाहिजे असा नियम असेलही, पण उत्तर आलं नाही म्हणून कुणाला खुलासा लिहावा लागल्याचं मला आठवत नाही. मार्च महिना तर अंगावर यायचा. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचं उद्दिष्ट पुरं झालं नाही तर वेतनवाढ अडायची. आई उन्हातान्हात दारोदार फिरायची आणि रात्री पाय मिठाच्या पाण्यात सोडून बसायची. एप्रिल 1996 पासून ती उद्दिष्टं देशभर काढून टाकली, तेव्हा मी शिकायला बाहेर होते. आईचं पत्र आलं. त्यात बाकी घरचं सगळं होतं आणि शेवटी एक ओळ, 'टार्गेट गेले. आता बायका मला पाहून दार लावणार नाहीत.' इतकी वर्षं बायका तिला पाहून दार लावत होत्या, हे मला त्या ओळीतून कळलं.

म्हणून लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं तेव्हा मी हरखून गेले होते. अभियानाचाच भाग म्हणून 2007 मध्ये नऊ राज्यांत ते सुरू झालं. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे जिल्हे होते. जिच्यासाठी दवाखाना आहे तिनंच तो तपासायचा, तिनंच रंग भरायचा, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर उत्तरं द्यायची. किती साधी गोष्ट! जीपमधून उतरणाऱ्या साहेबाच्या जागी आता ओढा ओलांडून आलेली बाई. मला वाटलं, आईच्या हिरव्या शाईच्या शेऱ्याचं उत्तर हेच.

आणि पुष्कळ अंशी ते होतंच. हे मी मनापासून लिहिते आहे, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला वाटायला नको की ही सगळी धडपड फुकट गेली. एका जनसुनवाईत मी एका बाईला माइकसमोर उभी राहिलेली पाहिलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात मांडव, मांडवाच्या कापडातून येणारा लालसर उजेड, सतरंजीवर दोनशे माणसं. तिच्या हातात बाहेरून औषध आणण्याच्या सात चिठ्ठ्या होत्या, साडीच्या रंगाच्या दोऱ्यात ओवून आणलेल्या. तिनं एकेक चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि प्रत्येकीला किती पैसे पडले ते तोंडपाठ सांगितलं. शेवटची ठेवताना म्हणाली, "हिच्या टायमाला शेळी इकली." पुढच्या महिन्यात त्या केंद्रात शिल्लक औषधांचा फलक लागला आणि बाहेरच्या चिठ्ठ्या जवळजवळ थांबल्या. कुठल्याही साहेबाच्या तपासणीनं हे झालं नव्हतं.

पण त्याच मांडवात मी टेबलापलीकडच्या डॉक्टरचे हातही पाहिले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. तो उभा राहून उत्तर देत होता आणि पेनचं टोपण सारखं काढत-लावत होता. मागणी केली होती, वरून पुरवठा झाला नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. पहिल्यांदा लोक हसले, दुसऱ्यांदा ओरडले. त्याच्या शेजारी बसलेले वरिष्ठ समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत होते. 'वरून' या शब्दाला त्या मांडवात खुर्ची नव्हती. खरेदी जिथे ठरते, निविदा जिथे अडते, बिल जिथे थकतं, तिथला कुणीही त्या सतरंजीसमोर येऊन बसत नव्हता. बाईची शेळी खरी होती आणि त्या मुलाची मागणीही खरी होती. दोघं एकमेकांकडे पाहत होती आणि ज्याच्याकडे पाहायला हवं होतं ते कुणीतरी तिथे नव्हतंच. त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. घरी येताना एसटीत मला खुलाशाचा तो कागद आठवला आणि वाजवलेल्या टाळ्यांचं वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचंही वाईट वाटलं, कारण त्या बाईसाठी टाळ्या वाजवणं चूक कसं असेल?

तामिळनाडूत 1994 मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ झालं. त्याबद्दल वाचताना माझं लक्ष एकाच गोष्टीत अडकून राहिलं: तिथे प्रत्येक दवाखान्याच्या नावानं पासबुक असतं. वर्षाला आपल्याला किती रकमेची औषधं मिळायची आहेत, जिल्ह्याच्या गोदामातून किती उचलली, किती बाकी, सगळं त्यात. बँकेतल्यासारखं. आईच्या हातात असं पासबुक असतं तर तिचा आवाज साहेबांसमोर बारीक झाला असता का, हा विचार मी कितीदा केला असेन. आपल्याकडे 2017 मध्ये खरेदीचं काम हाफकिन या राज्याच्याच औषधनिर्मिती महामंडळाकडे दिलं, मग 2023 मध्ये वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार मोफत झाले. मला याचा खरोखर आनंद झाला. केसपेपरच्या पैशांसाठी दारातून परत गेलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. पण मोफत हा शब्द मांडणीवर गोळ्या असतील तरच पोटात जातो.

आकड्यांचं एक वेगळंच दुःख आहे. लसी ठेवायच्या शीतपेटीचं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं असतं. ते दोन ते आठ अंशांच्या मधे राहिलं पाहिजे. एका केंद्रात पेटीवर चिकटवलेला तक्ता मी पाहिला. महिनाभर सकाळी चार, संध्याकाळी चार. त्या महिन्यात पावसानं तीन दिवस वीज नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. इतकी चांगली पेटी असेल तर विज्ञानाचं नवलच. मी काही बोलले नाही, तिथली मुलगीही बोलली नाही, फक्त तक्त्यासमोर जरा सरकून उभी राहिली. तिला मी खोटारडी म्हणू शकत नाही. दहा लिहिलं असतं तर खुलासा तिलाच लिहावा लागला असता, जनरेटरला किंवा वीज मंडळाला नाही. 2008 पासून दवाखान्यांचे आकडे संगणकावर जातात, दर महिन्याला, उपकेंद्रापासून दिल्लीपर्यंत. वाट आता मिनिटांची झाली आहे. पण त्या मुलीला दहा लिहायची भीती वाटत असेल, तर वरच्या पडद्यावर सगळा जिल्हा कायम चार अंशांवरच दिसणार.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले, आणि 'फायर ऑडिट' हा शब्द खेड्यातल्या चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. त्या बातम्या मी आईला वाचून दाखवत नव्हते, तिनंच एकदा पेपर मागून घेतला. चष्मा लावून सावकाश वाचला, घडी घातली आणि म्हणाली, त्या रात्री ड्युटीवर किती सिस्टर होत्या ते बघायला हवं. बाळांबद्दल ती काहीच बोलली नाही. त्या रात्री जेवलीही नाही.

गेल्या महिन्यात पुस्तकांच्या मागून ते प्रगतिपुस्तक निघालं. घड्यांवर फाटलेलं, एका कडेला कसर लागलेली. लसीकरणाचा हिरवा फिकट झाला होता, पण आजींचा पिवळा तसाच्या तसा, मेणासारखा चमकणारा. आजी आता नाहीत. ती सिस्टर बदलून दुसऱ्या तालुक्यात गेली असं ऐकलं होतं. मी कागद आईच्या पलंगावर पसरला आणि तिला आजींची सगळी गोष्ट सांगितली. लाल खडू, 'घरात पिकतंय', उजाडस्तवर बसलेली सिस्टर. मला वाटलं होतं तिला आजींचं कौतुक वाटेल, कदाचित डोळ्यांत पाणी येईल. तिनं पिवळ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं,

"मागणी कितव्या तारखेला गेली होती?"

मी म्हटलं, कुठली मागणी?

"तिची गं. औषधांची. तीन महिने नव्हती म्हणतेस ना? तिनं मागणी कधी पाठवली, ती केंद्रात कधी पोचली, तिथून जिल्ह्याला कधी गेली? तारखा बघितल्या असत्या की कुठे अडलं ते कळलं असतं. तुम्ही एवढ्या जणी होतात, तुमच्यातल्या एकीनंही विचारलं नाही?"

नव्हतं विचारलं. कागदावर तारखांचा रकानाच नव्हता, असं मी म्हणणार होते. पण पेन माझ्या हातात होतं, आणि एक रकाना वाढवायला मला कुणाची परवानगी लागली नसती.

आईनं मला माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढायला लावला. त्यात तिचे बिल्ले, निवृत्तीचा आदेश, मोडलेला थर्मामीटर असेल अशी माझी समजूत होती. होतेही. त्यांच्याखाली दोऱ्यानं बांधलेला पातळ कागदांचा गठ्ठा होता, कार्बनची निळी अक्षरं असलेला. तिच्या नोकरीतल्या मागणीपत्रकांच्या प्रती. प्रत्येकीवर तारीख, प्रत्येकीवर मागितलेली संख्या आणि शेजारी तिच्या बारीक अक्षरात मिळालेली संख्या. मागणी पाचशे, प्राप्त शंभर. मागणी तीनशे, प्राप्त निरंक. मी खुलासा लिहून दिला त्या वर्षीच्याही होत्या. एका कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'लसीची गाडी आली नाही, डिझेल नाही, दु. 2 पर्यंत वाट पाहिली,' आणि त्याखाली त्या वाडीतल्या मुलांची नावं.

"हे तू कुणाला दाखवलं का नाहीस?"

"कुणी मागितलं नाही," ती म्हणाली, आणि गठ्ठ्याचा दोरा पुन्हा बांधायला लागली.